अयुथ्येची तारीख

अबू धाबीला उतरलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि हवा कराडच्या मे महिन्यातल्या दुपारची होती. न्यायला आलेली माझी मुलगी प्राची गाडीत म्हणाली, "बाबा, इथे कुणाला इतिहास शिकवायचा नाही." शाळेत एकतीस वर्षं तेवढंच केलेला मी इन्शाल्ला (देवाची इच्छा असेल तर) म्हणालो. हा शब्द विमानातच शिकलो होतो.

प्राची मोहम्मद बिन झायद सिटीत राहते. वाळूच्या रंगाचे व्हिला, प्रत्येकाचे दोन-तीन भाग करून भाड्याने दिलेले. रस्ते रुंद, आणि पायी चालणारा मी एकटा. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, बकाल्यातून (किराणा दुकान) दही घेऊन येताना चुकलो. सगळी फाटकं सारखीच. एक दार उघडं दिसलं. चपला काढून आत गेलो, दही फ्रीजमध्ये ठेवलं आणि वळलो, तर टेबलाशी तीन अनोळखी माणसं बसलेली.

"बैठिए, अंकल," त्यातला पुरुष म्हणाला.

तो को मिन, मूळचा म्यानमारचा म्हणजे जुन्या ब्रह्मदेशाचा. मुसफ्फाच्या कारखान्यांच्या भागात क्रेन चालवतो; हिंदी तिथेच शिकला. बायको नोक थाई, सलूनमध्ये काम करते. मुलगी मे अकरा वर्षांची. नोकपुढे सोम तम (कच्च्या पपईची तिखट कोशिंबीर) होतं, को मिनपुढे लफे (मुरवलेल्या चहापत्तीची कोशिंबीर), आणि मेपुढे नुसता ब्रेड. बुधवारपासून आई-बाबा एका ताटलीतलं खात नाहीत, असं मेने इंग्रजीत सांगितलं. शाळेच्या प्रकल्पासाठी तिने दोघांच्या देशांमधलं जुनं युद्ध निवडलं होतं.

"आय ओन्ली नीड अ नेम अँड अ डेट," ती म्हणाली.

मी इतिहासाचा शिक्षक असल्याचं कबूल केलं. बर्मी सैन्याने सयामची (आजचं थायलंड) राजधानी अयुथ्या घेऊन जाळली, साल १७६७. यात वाद नाही, असं मला वाटत होतं. नोक म्हणाली, २३१०. थाई लोक बुद्धवर्ष मोजतात. को मिन म्हणाला, अकराशे अठ्ठावीस. किंवा एकोणतीस, बर्मी वर्ष एप्रिलमध्ये बदलतं आणि शहर पडलं ते ऐन त्याच दिवसांत.

नावाचं तर आणखी अवघड. नोकच्या शाळेत त्या घटनेला सिया क्रुंग (राजधानी गमावणं) म्हणत, तेही दुसऱ्या खेपेचं. को मिनच्या शाळेत तो धडा योदया जिंकल्याचा होता. योदया म्हणजे अयुथ्या. बर्मी माणूस थाई माणसाला आजही तेच म्हणतो. बुधवारी जेवताना तो धडा सांगून को मिन हसला होता. त्या हसण्याला आज चौथा दिवस होता.

"इफ आय राइट ममाज नेम, पापा इज द बॅड गाय," मे म्हणाली. प्रकल्प सोमवारी द्यायचा होता. तिने ब्रेड बाजूला ठेवला.

मी नोकला वार आणि दिवस विचारला. तिने शाळेत पाठ केलेलं म्हणून दाखवलं, मेने त्याचा अर्थ सांगितला: मंगळवार, पाचव्या महिन्यातल्या वाढत्या चंद्राचा नववा दिवस. को मिन म्हणाला, पाचवा कसा, पहिला महिना, तगू. नोक म्हणाली, पाचवाच. हा तगू येतो कधी, असं मी विचारलं. पाण्याच्या सणाला, को मिन म्हणाला. नोकचा पाण्याचा सणही त्याच सुमाराला येत होता. मी बोटांवर मोजलं. महिना एकच होता, आमचा चैत्र.

"चैत्र शुद्ध नवमी," मी म्हणालो. "हमारे यहाँ उस दिन राम का जन्म मनाते हैं."

मेने आईला ते समजावलं. शहराचं नाव अयोध्येवरून पडलं हे नोकला माहीत होतं. मेने तिथी लिहिली आणि खाली तिन्ही सनांची सालं मांडली.

मग कुणालाही न विचारता तिने वर नाव लिहिलं: 'व्हेन अयुथ्या बर्न्ड'. नोकने वाचलं आणि मुलीला थाईत विचारलं, कुणी जाळली ते कुठे आहे?

को मिनला प्रश्न भाषांतराशिवाय कळला असावा.

"हमने जलाई," तो माझ्याकडे बघून हिंदीत म्हणाला. मग मुलीकडे वळला. "अंदर लिखना. पहली लाइन में."

मेने लिहिलं. नोकने तिचं लिहून होईपर्यंत वाट पाहिली, मग त्याच्या ताटलीतलं चमचाभर लफे घेतलं. मलाही दिलं. लफे कडू लागतं आणि नंतर झोप येत नाही.

घरी गेलो तर प्राचीने दही कुठे आहे विचारलं. शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये, मी सांगितलं. कुठल्या शेजाऱ्यांच्या, हे तिला दाखवता येईना. फाटकं सारखीच होती. संध्याकाळी मे घरोघर विचारत आली आणि दही देऊन गेली.

तीन आठवड्यांनी कराडला परतलो. माळ्यावरून शाळेतल्या टाचणवह्या काढल्या आणि दोन दिवस वाचत बसलो. आपलं सैन्य दुसऱ्याच्या मुलखात गेलं तिथे मी 'स्वारी' लिहिलं होतं. दुसऱ्याचं आपल्याकडे आलं तिथे 'आक्रमण'. पानामागून पान असंच, लाल शाईने अधोरेखित करून. एकाही विद्यार्थ्याने कधी विचारलं नाही, आणि मलाही कधी खटकलं नाही. तारखा मात्र सगळ्या बरोबर होत्या.