सातव्या थरातला जोड

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत चंद्रभागा सत्तावीस वर्षे तांब्याची तार गुंडाळत होती. तारेला किती ताण द्यायचा हे तिच्या बोटांना कळे. शब्दांत मात्र तिला ते कधी सांगता आले नाही. "मावशीचा जोड यमालाही सापडायचा नाय," असे शेजारच्या मशीनवरची संध्या म्हणे, आणि चंद्रभागा "गप गं" म्हणत तो मान पदरात घेई.

मोटारीची कॉइल भरताना मध्येच तार संपली, तर सोल्डरने जोड द्यायचा, वर स्लीव्हचे आवरण चढवायचे आणि पुढचा थर गुंडाळायचा, हा तिथला रिवाजच होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी मोठी कॉइल करताना सातव्या थरात रीळ संपले, तेव्हाही तिने नव्या रिळासाठी आधीचे काम उलगडले नाही, जोडच दिला. तपासणीच्या कार्डावर 'जोड नाही' असे छापलेले होते. त्याखाली तिने सही केली.

तीन महिन्यांनी कॉलेजातून बोलावणे आले. तिथे संशोधन करणाऱ्या तृप्तीने तिला एका लांब नळीपाशी नेले. भोवती तीच कॉइल बसवलेली. नळीतली हवा काढून टाकलेली. आत इलेक्ट्रॉनांचा ढग, ज्याला तृप्ती प्लाझ्मा म्हणत होती, केवळ चुंबकाच्या बळावर अधांतरी धरलेला. नळीच्या भिंतीला टेकला की संपला.

"टिकतच नाही, मावशी. दर वेळी डावीकडेच सरकतो. कॉइल नीट बसलीय का, तेवढं बघा."

डावीकडेच जोडाने वरचे थर किंचित उचलले होते. जोड सुटताना उडालेला जाळ चंद्रभागेने एकदा कारखान्यात पाहिला होता. भुवया जळालेला तो कामगारही.

"बसण्यात काय नाय, ताई. आत जोड हाय. मीच दिलेला."

तृप्ती हसली. "कार्डावर तुमचीच सही आहे. रेझिस्टन्सही बरोबर येतो. घाबरू नका हो, तुमच्यावर कोणी दोष ढकलत नाहीये. आज करंट वाढवते. चुंबक जोरदार झाला की सरकणं थांबेल."

"जोडाला करंट पेलायचा नाय. अन् तुम्ही अशा कॉइलला चिकटून बसता!"

"चार तापमापक लावलेत ना."

चारांपैकी एकही जोडापाशी नव्हता. तृप्तीने करंट वाढवला, तसा कॉइल गार ठेवणाऱ्या पंख्यांचा आवाज चढला. चंद्रभागेने जोडाच्या जागी तळवा टेकवला आणि आकडे मोजू लागली. पाचापर्यंत हात टिकला तर कॉइल चालू ठेवायची, ही तिच्या कामातली परीक्षा. पहिल्यांदा पाच झाले. मग चार.

"मावशी, टिकला!" तृप्ती ओरडली. पडद्यावर ढग दाखवणारी रेघ खाली न येता सरळ पुढे चालली होती.

चंद्रभागेने हात झटकला. दोनच्या पुढे आकडा गेला नव्हता. लाल झालेला तळवा तिने तृप्तीसमोर धरला.

तृप्तीने तळव्याकडे पाहिले, मग चारही तापमापकांकडे. ते सगळे ठीक दाखवत होते.

"अजून वीसच अँपिअर," ती म्हणाली, आणि बटण फिरवू लागली.