पाळकसाहेबांचा मोजा

मोजा निघेना. जखमेतल्या पाण्यानं तो तळपायाला पार चिकटून बसला होता. मी त्यावर सलाइन, म्हणजे मिठाचं निर्जंतुक पाणी, सोडत होते आणि तो भिजायची वाट बघत होते. टेबलावर आमच्या चर्चच्या मंडळीचे पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, पाय आखडून बसलेले.

"राहू द्या सिस्टर. मी घरी काढतो."

"घरी निघत असता तर इथं आला असता का?"

तसे ते आले नव्हतेच. त्यांच्या बायकोनं, आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो, ओढून आणलं होतं. झोपतानासुद्धा नवरा मोजा काढेना म्हटल्यावर बाईंनी त्यांचं काही ऐकलं नाही.

मी सेलूच्या एका खाजगी दवाखान्यात ड्रेसिंग रूम सांभाळते. कापलेलं, भाजलेलं, सडलेलं सगळं माझ्याकडं येतं. माणसांची तोंडं मी विसरते, पाय विसरत नाही.

शेवटी मोजा निघाला. अंगठ्याच्या मुळाशी तळव्याला बोराएवढं भोक होतं. आत पांढरट मेलेलं मांस. त्याला आम्ही स्लफ म्हणतो. मी चिमट्यानं ते उचललं, कात्रीनं कापलं. साहेबांनी पाय हलवलासुद्धा नाही.

"दुखत नाही?"

"जरासुद्धा न्हाई. देवाची कृपा."

कृपा कसली, डोंबल! शुगर जुनी झाली की पायाच्या नसा मरतात. खिळा घुसला तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस निवांत राहतो आणि आतून पाय जातो. आमच्या कामात न दुखणारी जखम सगळ्यात वाईट.

साहेबांनी त्या वर्षी लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत, अनवाणी राहायचं व्रत घेतलं होतं. देवापुढं लीन व्हायचं म्हणून. देवगाव फाट्याच्या पलीकडं घरोघरी प्रार्थनेला जायचे, तेही तसेच. कुठंतरी शेतातून जाताना कापसाच्या पऱ्हाटीचं धसकट घुसलं असणार. व्रतापायी पाय सडला हे कुणाला दाखवायची लाज, म्हणून वरून मोजा आणि बूट. पायाला लागलंय म्हणून बूट घातला, एवढंच सांगायचं होतं. कुणी खाऊन टाकलं नसतं.

डॉक्टर आले, पाय बघितला आणि मराठवाड्याच्या उन्हासारखे तापले. "रोज इथं येऊन ड्रेसिंग. स्वतः करायचं नाही. तळपाय स्वतःचा स्वतःला दिसत नाही, कळलं का?"

साहेब नम्रपणे हसले. ते हसू आख्ख्या सेलूला माहीत आहे. "डॉक्टरसाहेब, मी सेवा करणारा माणूस. सिस्टरनं माझे पाय धरायचे, हे मला जमणार न्हाई."

"मग कोण धरणार? मी?"

"मी घरी करतो. सामान तेवढं लिहून द्या."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी टेबल तयार ठेवलं. साहेब आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, "सलाम सिस्टर. जखम सुकायलीय. तुम्ही फिकीर करू नका."

आता त्यांच्याबद्दल थोडं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल माणूस आडमुठा होता. तसा नव्हता. प्रार्थनेआधी चर्च ते स्वतः झाडायचे. मंडळीच्या जेवणात सगळ्यात शेवटी ताट घ्यायचे. स्वतःची बॅग कधी कुणाला उचलू दिली नाही. ईस्टरआधीच्या गुरुवारी, प्रभू येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, ते मंडळीतल्या बारा जणांना बाकावर बसवायचे आणि गुडघ्यावर बसून एकेकाचे पाय धुऊन पुसायचे. कापसाच्या जिनिंग कारखान्यात काम करणारे असायचे, मेंढरं राखणारी एक म्हातारी असायची. बघणाऱ्यांच्या डोळ्यात पाणी यायचं. किती नम्र माणूस, असं लोक वर्षभर बोलायचे.

एका वर्षी त्या बाकावर मी होते. माझ्या टाचांना भेगा. त्या सगळ्यांपुढं उघड्या करताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारची ती म्हातारी पायाची बोटं आत ओढून घेत होती. तरी आम्ही पाय पुढं केले. आमचं कौतुक कुणी केलं नाही, आणि आम्हालाही ते सुचलं नाही. नंतर साहेबांच्या पायाचा विचार करताना मला ते आठवलं. पाणी ओतणं त्या मानानं सोपं होतं हो.

रविवारी उपासनेला गेले तर चर्चमध्ये वास. पुढच्या बाकावरचे लोक कुजबुजायला लागले. उंदीर मेला असेल म्हणून कुणीतरी पेटीमागं वाकून शोधलं. साहेब वर उभे राहून नम्रतेवरच बोलत होते. मला उंदीर शोधायची गरज नव्हती. तो वास माझ्या रोजच्या ओळखीचा.

उपासना सुटल्यावर मी तडक साहेबांच्या घरी गेले. बाई दारातच रडायला लागल्या. "ऐकत न्हाईत ओ ते. माझ्याबी हातानं धुवू देत न्हाईत. दार लावून स्वतःच पट्टी बांधतेत."

साहेब खुर्चीत बसले होते. अंगात ताप दिसत होता.

"पाय दाखवा."

"सिस्टर, मंडळीला कळलं तर काय म्हणतील? मी सगळ्यांचे पाय धुतले आणि आता..."

मी लय शांत बाई नाही. त्या दिवशी तर अजिबात नव्हते. "साहेब, तुमच्या नम्रतेला वास यायलाय. समद्या चर्चला यायलाय."

बाईंनी तोंडाला पदर लावला. साहेबांचं ते हसू गेलं. मी त्यांना पहिल्यांदाच बिनहसूचं बघितलं. म्हातारा, घाबरलेला माणूस. त्यांनी पाय पुढं केला नाही, पण मी खाली बसून धरला तेव्हा ओढूनही घेतला नाही. पट्टी सोडली. अंगठा आणि शेजारची बोटं काळी पडली होती, लाली घोट्याच्या वर चढली होती. त्यांनी पट्टी करकचून बांधली होती, पू आतच कोंडला होता.

परभणीला नेलं. तिथल्या सर्जननं दोन मिनिटांत सांगितलं, "गुडघ्याखालून काढावा लागेल. उशीर केला तर माणूस जाईल." आठवडाभर रोज येऊन बसले असते तर कदाचित एका बोटावर भागलं असतं. हे मी बाईंना सांगितलं नाही. साहेबांनी मात्र विचारलं.

"वेळेत दाखवला असता तर?"

"वाचला असता बहुतेक," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? ते भिंतीकडं तोंड करून खूप वेळ रडले.

त्या वर्षीच्या पाय धुण्याच्या गुरुवारी घंगाळ, टॉवेल, बाक सगळं मांडलं होतं. साहेब व्हीलचेअरवर. आता कोण धुणार म्हणून सगळे एकमेकांकडं बघत होते. दुसऱ्या गावच्या पाळकांना बोलवायचं राहूनच गेलं होतं. साहेबांनी घसा खाकरला.

"मला खाली बसता येत न्हाई," ते म्हणाले. मग उरलेला पाय पुढं सरकवला. "सिस्टर, माझा एक राहिलाय."

मी गेले, खाली बसले, बूट काढला, मोजा काढला. पाय धुतला. सवयच लागलेली, बोटांच्या फटी बघितल्या, नखांच्या कडा बघितल्या. तळव्याला बोट लावून हळूच विचारलं, "कळतंय का?"

"न्हाई," ते म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

म्हणजे हा पायही त्याच वाटेवर. मी पुसला आणि उठले. ती मेंढरंवाली म्हातारी पुढं बसून ढसाढसा रडत होती.

आता ते पाय तपासून घ्यायला माझ्याकडं येतात. बाई खुर्ची ढकलत आणतात. ते टेबलावर पाय ठेवतात आणि तोंड भिंतीकडं वळवतात. लाज अजून गेलेली नाही, पाय मात्र देतात. ड्रेसिंग रूमला नव्या लागलेल्या पोरींना मी एवढंच शिकवते: माणूस कितीही मोठा असो, कितीही साधा असो, दुखतंय का विचारत बसू नका. मोजा काढा.