परदेशी बाईचं गाणं आणि आबांची वाचा

आबा म्हणजे माझे सासरे. माळेगावच्या बाजूला एका साखर कारखान्यात ते पॅनमन होते. उसाचा रस आटून ज्या मोठ्या भांड्यात साखर धरते त्याच्यापाशी उभं राहायचं, मधूनमधून काचेच्या पट्टीवर थेंबभर पाक घ्यायचा, उजेडासमोर धरायचा आणि दाणा कसा धरतोय ते ओळखायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन निरवांगीला घरी आले आणि काही वर्षांनी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला.

हात-पाय दोन-तीन महिन्यांत बऱ्यापैकी हलायला लागले. वाचा मात्र आली नाही. कळायचं सगळं, पण तोंडातून एकच शब्द निघायचा, "व्हय". चहा हवा असला तरी व्हय, नको असला तरी व्हय. नको असला की व्हय म्हणत कप बाजूला सारायचे आणि स्वतःवरच चिडायचे. पुढं पुढं ते टीव्हीसमोर बसून राहायला लागले. समोर काय चाललंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं.

माझी मुलगी तेव्हा बारावीची परीक्षा देऊन घरी होती. तिला जुन्या परदेशी गाण्यांचा नाद. पन्नास वर्षांपूर्वीची एक युरोपातली गायिका तिनं शोधून काढली होती. त्या बाईचं एकच गाणं खूप गाजलं आणि ते घेऊन ती देशोदेशीच्या टीव्हीवर गेली. जिथं जाईल तिथल्या भाषेत तेच गाणं गायची. जर्मनी, इटली, स्पेन, जपान असे तुकडे मुलीनं एकामागून एक लावून ठेवले होते. जर्मनीत लोक टेबलांशी बसून एका ठेक्यात टाळ्या वाजवायचे. इटलीत मागं मोठा वाद्यवृंद होता आणि प्रत्येक कडव्यानंतर ट्रम्पेट वाजायचं. जपानमध्ये गाणं संपल्यावर तिला एवढा मोठा गुच्छ दिला की ती त्याच्यामागं दिसेनाशी झाली.

आबा बघायला लागले. एकदा, दोनदा, मग रोज. चौथ्या-पाचव्या दिवशी जर्मनीचा तुकडा चालू असताना त्यांनी मुलीचा हात धरला, स्वतःच्या ओठांपुढं बोटं उघडून मिटून दाखवली आणि मान जोरात हलवली. मुलीनं मागं नेऊन पुन्हा बघितलं. बाईनं तोंड मिटलं होतं आणि सूर चालूच होता. म्हणजे तिथं ती गातच नव्हती, नुसते ओठ हलवत होती. आजारपणानंतर आबा पहिल्यांदा हसले ते त्या दिवशी.

सासूबाईंना, मी त्यांना आत्या म्हणते, हे काही पसंत नव्हतं.

"आता ह्या वयात गोऱ्या बाईचं तोंड बघत बसायचं?" त्या म्हणायच्या आणि आल्या-गेल्यासमोर टीव्ही बंद करायच्या.

एका दुपारी मी पडवीत मेथी निवडत होते. आतून पुरुषाच्या आवाजात ते गाणं ऐकू आलं. मुलीनं नवीन काही लावलं असेल असं वाटलं. आत गेले तर टीव्ही बंद होता आणि आबा गात होते. कोणत्या भाषेतलं ते मला सांगता येणार नाही, पण शब्दामागून शब्द येत होते. मी आत्यांना हाक मारली. त्या पिठाच्या हातांनी तशाच आल्या.

"अगं, बोलत्यात की!" त्या म्हणाल्या. मग त्यांच्यापुढं वाकून विचारलं, "मी कोण हाय?"

"व्हय," आबा म्हणाले.

आत्या परत चुलीपाशी गेल्या. थोड्या वेळानं मी डोकावले तर त्या भाकरी थापत होत्या, रोजच्यापेक्षा जरा जोरात.

बारामतीत वाचेवर उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. आधीही आम्ही त्यांच्याकडं जायचो. त्यांनी आबांकडून भजन म्हणवून घ्यायचा प्रयत्न केला होता, पण आबा कधी भजनाला बसलेले नव्हते. हे गाणं ऐकून त्या खुर्चीत पुढं सरकल्या. म्हणाल्या, बोलणं मेंदूत एका बाजूला असतं, चाल बरीचशी दुसऱ्या. चाल तीच ठेवायची, शब्द आपले घालायचे, आणि डाव्या हातानं मांडीवर ठेका धरायचा. पंधरा दिवसांनी धृपदाच्या चालीत आबांनी "पाणी द्या" म्हटलं. मग "भूक न्हाय". मग "पंखा लावा". शेजारच्या बायका ऐकायला यायच्या. आत्या दार लोटून घ्यायच्या.

त्याच वर्षी आबांचे एक सोबती वारले. दोघं एकाच पॅनवर. एकाची पाळी संपली की दुसऱ्याची सुरू. आबांनी जायचंच असा हट्ट धरला. माझे यजमान, मी आणि आबा असे गाडीनं माळेगावला गेलो. ओसरीवर पुरुष बसले होते, आत भिंतीला टेकून त्या सोबत्याच्या पत्नी. आबांना त्यांच्यासमोर खुर्ची दिली. आबांचे ओठ हलले, मान ताणली गेली आणि तोंडून आलं, "व्हय."

"चला आबा, भेट झाली," यजमान हळूच म्हणाले.

तेवढ्यात आबांचा डावा हात मांडीवर पडायला लागला. पुढं काय होणार ते मला कळलं. मी तो हात धरला. त्यांनी सोडवून घेतला आणि त्या परदेशी बाईच्या चालीत, दुखवट्याच्या घरात, मोठ्यानं म्हटलं, "माझा गडी गेला."

ओसरीवरचं बोलणं थांबलं. दाराशी बसलेल्या एकानं विचारलं, "डोक्यावर परिणाम झालाय का यांच्या?"

आतल्या बाई म्हणाल्या, "म्हणू द्या त्यास्नी. सकाळपास्नं जो येतोय त्यो तेच ते बोलतोय." मग आबांकडं वळून म्हणाल्या, "आनि काय, आबा?"

आबांनी पुन्हा ठेका धरला. "दाणा वळखायचा... हसायचा लई."

तेव्हा त्या बाईंना रडू फुटलं. सकाळपासून त्या रडल्या नव्हत्या, असं नंतर कळलं. मला रडू आलं नाही. माझ्या डोक्यात इटलीच्या तुकड्यातलं ट्रम्पेट वाजत होतं आणि ते थांबेना, एवढंच आठवतं.

घरी आल्यावर आत्यांनी विचारलं, यजमानांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यानंतर दार लोटणं बंद झालं. आबा चालीत हाक मारायचे, त्या आतून "आले, आले" म्हणायच्या, शेजारणी असल्या तरी.

वर्षभरात काही शब्द चालीशिवाय यायला लागले. सगळे येणार नाहीत, असं बारामतीच्या बाईंनी आधीच सांगितलं होतं आणि ते तसंच झालं. माणसांची नावं अजूनही गाऊनच घ्यावी लागतात.

मुलगी पुण्याला कॉलेजात गेली. गेल्या दिवाळीत आली तेव्हा तिला एक नवा तुकडा सापडला होता. देश कुठला ते कळत नव्हतं, खालची अक्षरं आमच्यापैकी कुणालाच वाचता येईनात. गायिका म्हातारी झाली होती. खुर्चीवर बसून, खालच्या पट्टीत गात होती. लांब सूर आला की थांबायची आणि माईक प्रेक्षकांकडं धरायची.

आबांनी शेवटपर्यंत बघितलं.

"दमली," ते म्हणाले. पुन्हा लावू का, असं मुलीनं विचारलं, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं आणि मग आम्ही जेवायला बसलो.