मिठापुढचा पिवळा उजेड

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत मी एका पॅकिंगच्या कारखान्यात काम करते. काल तिथला व्हॅक्यूम पंप तापला आणि तेलाचा तोच जुना, कडवट वास आला.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत हा वास कोंदलेला असायचा. हवा काढून घेतलेल्या पात्रात मी मिठाच्या स्फटिकावर इलेक्ट्रॉनचा मारा करायची. त्या माऱ्याने सोडियमचे अणू पृष्ठभागावरून उडतात आणि उडताउडता प्रकाश देतात. तो मला मोजायचा होता. दोन वर्षं काहीच दिसलं नव्हतं. मग एका दुपारी काळे पडदे ओढलेल्या खोलीत, पात्राच्या काचेतून तो दिसला. पिवळा, नखाएवढा, स्फटिकाच्या किंचित पुढे तरंगणारा.

तेवढ्यात गावाकडून, दारव्ह्याहून, बाबा आले. आईला लकवा मारला होता आणि ते मला न्यायला आले होते. मी रडतच त्यांना काचेपाशी नेलं.

"मीठच हाय न हे?" त्यांनी वाकून विचारलं.

"हो बाबा. त्याच्यातून उडालेल्या कणाईचा उजेड हाय."

ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "तुले दिसला न, बाई? मंग झालं. चाल आता."

मला त्यांचा राग आला. "आठ दिवसांत येते, सर," पंपापाशी उभ्या असलेल्या माझ्या मार्गदर्शकांना मी म्हटलं. सरांनी मान हलवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

आई चौदा वर्षं अंथरुणावर होती. बाबा माझी समजूत घालत होते, हे आता कळतं. मी परत येणार नाही, हे त्या खोलीत फक्त मलाच ठाऊक नव्हतं.