ह्यात दुःख कोणाचं?

निजामाच्या राज्यात गंगाखेडच्या घाटावर एक न्हावी बसायचा. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. बुद्धाचं एक पुस्तक वाचल्यापासून तो गिऱ्हाइकाला शिळ्या वर्तमानपत्रातली बातमी ऐकवी आणि वस्तरा उचलून विचारी, "ह्यात दुःख कोणाचं?" मनाजोगतं उत्तर मिळेपर्यंत दाढी पुढे सरकत नसे.

त्या दिवशी मला मुलगी बघायला जायचं होतं. मामा तिच्या घरी पोचलेही होते. माझा एकच गाल झाला होता आणि बातमी निघाली बैलचोराची.

"बैलाच्या मालकाचं," मी म्हणालो.

"आनखी?"

"चोराचं. पकडला गेला बिचारा."

"आनखी?"

"बैलाचं. फुकट पायपीट झाली त्याची. आता आवरा भाऊ, मुलगी बघायला जायचंय."

"मंग ती बी बातमीच हाय की, मालक. ह्यात दुःख कोणाचं?"

"मुलीचं," माझ्या तोंडून निघालं. दुसरा गाल त्यानं काही न विचारता केला.

बैठकीत मामांनी मुलीला फर्मावलं, "जरा चालून दाखव." मी ताडकन उठलो आणि धोतराचा सोगा धरून, सगळ्यांदेखत, आधी स्वतःच चालून दाखवलं.

मामांनी कपाळाला हात लावला. मुलगी मात्र खुदकन हसली आणि तिनं मला विचारलं, "सैपाक येतो का?"

"शिकेन," मी म्हणालो.