कळीवरचं झाकण

चौदा मार्च. रुपये एक लाख बेचाळीस हजार सहाशे. फुप्फुसातल्या गाठीवरच्या पहिल्या इंजेक्शनचे पैसे शिवणवालीने खिडकीवर भरले, पावती घडी करून पर्समध्ये ठेवली आणि बाकड्यावर बसलेल्या थोरल्या भावाकडे पाहिलं. तो शेजारच्या रुग्णाला प्रतिकारशक्ती कशी वाढवावी ते शिकवत होता.

गोदामातल्या कारकुनीतून सुटल्यापासून दादा सगळ्या आळीची प्रकृती सांभाळत असे. काम ना धाम, पण मत मात्र प्रत्येक अवयवावर. त्याच्या मते बहिणीच्या अंगात शिपाई कमी पडले होते, आणि त्यावर उपाय म्हणजे तो विकत असलेली हिरवी पूड.

डॉक्टरीणबाईंनी वेगळंच सांगितलं होतं. शिपाई, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, भरपूर आहेत. त्या पेशींच्या अंगावर रिसेप्टर म्हणून एक कळ असते. ती दाबली की शिपाई थांबतो, नाहीतर चोर सोडून घरच्यांनाच झोडपायचा. गाठ नेमकी तीच कळ दाबून सुखात बसते. इंजेक्शन कळीवर झाकण घालतं, मग गाठीचा हात तिथे पोचत नाही. पण झाकण अंगभर बसतं, त्यामुळे शिपाई कधी कधी आतड्यावरही तुटून पडतात. म्हणून जुलाब लागले तर त्याच दिवशी फोन करा, असं त्यांनी बजावलं. दादा तेव्हा मान डोलवत होता. त्याची मान पंख्यासारखी, ऐकायला नसतेच, नुसती फिरायला.

तिसऱ्या इंजेक्शननंतर तिला जुलाब लागले. गाठ लहान झाल्याचं नुकतंच कळलं होतं. आता कळवलं तर इंजेक्शन बंद करतील, या धास्तीने तिने फोन हातात घेऊन पुन्हा ठेवला आणि दादाला विचारलं.

"विष निघतंय," तो म्हणाला. "निघू दे. डॉक्टरांना सांगशील तर चालत्या गाडीला खीळ घालतील."

उचलली जीभ लावली टाळ्याला, हा दादाचा जन्मभराचा व्यवसाय. ते तिला परकर नेसायच्या वयापासून ठाऊक होतं. तरी तिने ऐकलं, कारण या खेपेला त्याचा मूर्खपणा तिच्या सोयीचा होता. आठवडाभर ती मशीन आणि संडास यांच्यात येरझाऱ्या घालत राहिली.

मग दादा आपल्या दोन पँटी न्यायला आला. पोट सुटलं म्हणून कमरेत सैल करायला टाकल्या होत्या. एक अजून तिच्या मांडीवरच होती. तो उशिराबद्दल कुरकुरला आणि वाट बघता बघता सांगत बसला, की मागे बाहेरचं खाणं बाधलं तेव्हा दुसऱ्याच जुलाबाला गाडी करून इस्पितळ गाठलं, सलाइनच्या तीन बाटल्या चढवून घेतल्या, म्हणून आज धडधाकट आहे.

तिची सुई थांबली.

"ते विष नव्हतं का रे, दादा?"

"माझी गोष्ट वेगळी. मला अशक्तपणा आला होता."

"हो ना. तुझं परत भरायला तीन बाटल्या, आणि माझं तेवढं निघू दे."

विनोद कळल्यासारखा तो हसला. तिने त्याच्यासमोरच फोन लावला आणि कालपासून रक्त पडतंय हेही सांगितलं. तो पँटीची शिवण ओढून बघत होता.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच तिला जास्त लागलं. आणखी थोडं थांबला असतात तर आतडं फाटलं असतं, म्हणाल्या. बेफाम शिपायांना आवरायला स्टेरॉइड सुरू झालं. पहिल्या दिवशी कळवलं असतं तर कदाचित इंजेक्शन थोडं थांबवून पुन्हा देता आलं असतं. आता ते कायमचं बंद. जे टळावं म्हणून तिने तोंड मिटून घेतलं, ते तिने स्वतःच्या हाताने घडवून आणलं, आणि तेही कोणाच्या सल्ल्याने, तर दादाच्या.

गाठ आहे तेवढीच राहिली आहे. दर तीन महिन्यांनी तपासायची. तिचं शिवणाचं दुकान चालू आहे. बहिणीचं दुखणं आपणच वेळेत ओळखलं, असं दादा आळीत सांगतो आणि लोक त्याची पूड घेतात.

दोन्ही पँटी तो, तिने फोन लावला त्याच दिवशी, घेऊन गेला. शिलाईचे एकशे साठ रुपये यायचे आहेत.