तेप्पेईचा कोंबडा

सुमियोने तेप्पेईला पहिल्यांदा नीट पाहिलं ते दुकानाच्या काचेतून. ती तेव्हा वडिलांच्या हाताखाली केशकर्तनाचं काम शिकत होती आणि त्या दिवशी टॉवेलांच्या घड्या घालत आत बसली होती. बाहेर पंधरा वर्षांचा एक पोरगा काचेसमोर उभा राहून डोळे वटारायचा सराव करत होता. काचेच्या आत कुणी असेल हे त्याच्या गावीही नव्हतं. तो भुवया आवळायचा, ओठ वाकडा करायचा, मान तिरकी करायचा, आणि जमलं नाही की पुन्हा पहिल्यापासून. इतक्यात टोफू विकणारी म्हातारी हातगाडी घेऊन चढाला लागली. पोराने वटारलेले डोळे तसेच ठेवून गाडीला मागून खांदा लावला आणि ती वरपर्यंत पोहोचवली. मग धावत परत आला आणि सराव जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू केला.

दुसऱ्या दिवशी तो मासिकातून फाडलेला फोटो घेऊन आत आला. पुढे उंच फुगवलेला कोंबडा, बाजू तेलाने चापून बसवलेल्या. सुमियोच्या वडिलांनी फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही.

"शाळेत जातोस ना?"

"जातो, काका."

"मग नाही. शाळा सोड, मग ये."

त्या काळी उराहामा बंदराच्या शाळेत वाढवलेले केस कापायला फाटकावरच शिक्षक कात्री घेऊन उभे असायचे. पण सोमवारी दुकान बंद असे आणि वडील गळ टाकायला धक्क्यावर जात. सुमियोने सोमवारी मागचं दार उघडलं आणि आयुष्यातला पहिला कोंबडा तेप्पेईच्या डोक्यावर उभा केला. मंगळवारी तो शाळेच्या फाटकावर कापला गेला. पुढच्या सोमवारी तेप्पेई पुन्हा मागच्या दाराशी हजर.

"अरे, परत कापतील."

"कापू दे, ताई. तुझा हात तरी बसेल."

आणि खरंच, तिचा हात बसला तो त्याच्याच डोक्यावर.

शाळा संपल्यावर तेप्पेई बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात लागला आणि ड्रम वाजवू लागला. सार्वजनिक न्हाणीघर चालवणाऱ्यांचा मुलगा गुन्जी गाणारा, सावादांचे दोघे भाऊ गिटारवर, आणि नेमोतो सॅक्सोफोनवर. पाचही जण फाटकावरच्या कात्रीखालून गेलेले. बँडचं नाव ठेवलं 'कामोमे-गुमी', म्हणजे कुरव पक्ष्यांची टोळी. शाळेचा काळा गणवेश गुडघ्यापर्यंत लांब शिवून घ्यायचा, कॉलर उभी, विजार पोत्यासारखी ढगळ, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि प्रत्येकाच्या कपाळावर सुमियोने घडवलेला कोंबडा. बापांच्या तरुणपणातल्या चालीवर नवी गाणी: बंदर, मोटारसायकल, सोडून गेलेली मुलगी. स्टेजवर आले की पुढच्या रांगेतली लहान मुलं आईला बिलगायची. खाली उतरले की हेच पाच गुंड कुणाच्या घरी गेले तर स्वतःचे बूट सरळ लावून ठेवायचे आणि दुसऱ्यांचे विस्कटलेले असले तर तेही.

असं करता करता पाचांनी चाळिशी ओलांडली. दर शनिवारी बंदरावरच्या छोट्या हॉलमध्ये ते वाजवत. त्यापलीकडे त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

त्या वर्षी शरद ऋतूत जिल्ह्याच्या मोठ्या सभागृहात बंदरांचा मेळा व्हायचा होता. प्रत्येक बंदरातून एक मंडळ. उराहामातून आजवर महिला मंडळाचं नृत्यच जात आलेलं. यंदा मच्छीमार संघाचे अध्यक्ष ओगिनोकाका यांनी कामोमे-गुमीचं नाव पुढे केलं. "गुंड पाठवणार का आपण?" असं संघातले लोक म्हणाले, तेव्हा काकांनी उत्तर दिलं, "गुंड असतील, पण आपले आहेत. त्यांची जबाबदारी माझी."

मेळ्याआधीच्या आठवड्यात सभागृहावर सगळ्या बंदरांच्या प्रमुखांची बैठक होती. काकांना गाडीतून न्यायचं काम तेप्पेईकडे होतं. नेमक्या त्याच पहाटे कुपा माशांचा मोठा साठा बंदरात आला. प्रत्येक बोटीला बर्फ हवा, तेही आत्ताच. तेप्पेई रात्रपाळी करून घरी निघाला होता, तो परत फिरला आणि सकाळभर राबला. मग घरी येऊन 'जरा पाठ टेकतो' म्हणाला. बायको माची बाजारात गेलेली. उठवणारं कुणी नव्हतं.

ओगिनोकाका काळा सूट घालून मासळीबाजाराच्या फाटकावर उभे राहिले. वाट पाहून शेवटी बसने गेले. बैठकीत उशिरा पोहोचले आणि सगळ्या बंदरांच्या प्रमुखांपुढे त्यांना वाकून माफी मागावी लागली. परत आल्यावर त्यांनी आवाज चढवला नाही. गुन्जीला एवढंच म्हणाले, "ज्यांना माझ्यापर्यंत पोहोचता येत नाही त्यांना मी तिथपर्यंत कशाला नेऊ? उद्या संध्याकाळी महिला मंडळाला कळवतो."

दुसऱ्या दिवशी सुमियोने दुकान उघडलं तेव्हा तेप्पेई पायरीवरच बसला होता. वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. दुकान तिचंच होतं.

"ताई, चकोट कर."

"काय?"

"सगळं काढ. तुळतुळीत गोटा."

त्यांच्या देशात असं आहे. मोठी चूक झाली की शब्दांची माफी पुरत नाही. माणूस डोकं भादरून दाराशी जाऊन उभा राहतो. शाळेच्या बेसबॉल संघापासून मंत्र्यांपर्यंत सगळे हेच करतात. पण कोंबडा हीच ज्याची ओळख त्याने हे करायचं म्हणजे काय, हे सुमियोइतकं कुणाला कळणार?

"रविवारी कार्यक्रम आहे रे!"

"मी असा गेलो नाही तर कार्यक्रमच नाही. माझ्यामुळे काकांनी मान खाली घातली. आणि ड्रमच्या मागे मला कोण बघतंय? पुढे चौघांचे कोंबडे आहेत की."

"त्यांना विचारलंस?"

"विचारलं तर अडवतील. तू पण सांगायचं नाहीस हं. शप्पथ."

सुमियोने शपथ घेतली. खुर्चीतली गोष्ट खुर्चीतच राहते, हे वडिलांनी तिला कात्री धरायच्या आधी शिकवलं होतं. मशीन डोक्यावरून फिरलं आणि पंधराव्या वर्षापासूनचा कोंबडा जमिनीवर पडला. तेप्पेईने आरशात पाहिलं. "माझे कान एवढे मोठे होते?" म्हणाला आणि गेला.

दुपारी गुन्जी आला. टोपीही न काढता खुर्चीत बसला. "ताई, पुढारी मी आहे. चूक कुणाचीही असो, डोकं माझं. उडव."

"गुन्जी, आज नको. उद्या ये."

"उद्या काय मुहूर्त आहे? संध्याकाळी काका महिला मंडळाला कळवणार."

"तेप्पेईला भेटलास का?"

"त्याला कशाला? तो आधीच रडवेला असेल. त्याला कळता कामा नये."

"आधी एकदा भेट तर. माझं ऐक."

गुन्जीने ऐकलं नाही. तिने मशीन पाठीमागे लपवलं तर त्याने हात वळवून ते घेतलं आणि कपाळापासून मानेपर्यंत मधोमध एक रस्ता पाडला. अशा डोक्याला वाचवण्यासारखं काही उरत नाही. सुमियोने निमूटपणे बाकीचं काम पुरं केलं.

सावादा भाऊ वेगवेगळे आले. थोरला म्हणाला, "धाकट्याला सांगू नकोस, तो माझं बघून करेल." धाकटा त्या वेळी कोपऱ्यावरच्या दुकानामागे उभा राहून थोरला जायची वाट बघत होता, कारण त्यालाही तेच सांगायचं होतं. दोघांनाही तिने परोपरीने विनवलं. शेवटी नेमोतो आला तेव्हा ती काही बोललीच नाही. नुसता टॉवेल झटकला. केर भरताना तिला वाटलं, हा उराहामाचा अख्खा बँडच आपण सुपात भरतोय.

संध्याकाळी तिला राहवेना. दुकान बंद करून ती ओगिनोकाकांच्या गल्लीत गेली. दिवे नुकते लागले होते. काकांच्या दारासमोर पाच डोकी एकमेकांकडे बघत उभी होती, नुकत्याच सोललेल्या अंड्यांसारखी.

"तू?" गुन्जी म्हणाला.

"तू पण?" तेप्पेई ओरडला. "अरे गाढवा! तुझा आहे म्हणून तर मी माझा घालवला!"

"आणि मी तुझा राहावा म्हणून माझा!"

"दादा, मी सांगितलं होतं ना ताईला, तुला सांगू नको म्हणून!"

"मला नाही सांगितलं तिने. मीच तिला सांगितलं होतं तुला सांगू नको म्हणून!"

तेवढ्यात दार सरकलं. पाचही जण जिथे होते तिथेच गुडघ्यांवर बसले आणि कपाळं दगडाला टेकली. ओगिनोकाकांनी एकेका डोक्यावरून नजर फिरवली. मग मागे उभ्या सुमियोवर ती थांबली.

"सुमियो, हे तू केलंस?"

"हो, काका."

"एकालासुद्धा अडवावंसं वाटलं नाही?"

"चौघांना अडवलं, काका. पाचव्याची वेळ येईपर्यंत माझाच धीर सुटला."

काकांच्या ओठाचा कोपरा हलला. ते काही बोलायच्या आत काकू आतून हसू लागल्या आणि त्यांना आवरेना. काकांनी घसा खाकरला. "माफ केलं. पण लोकांना मी काय सांगू? बंडखोर म्हणून नाव दिलंय, आणि न्यायचे पाच भिक्षू? तिथे कुणी वारलंय का?" मग म्हणाले, "आत या. बाहेर गारठा आहे, आणि तुमच्या डोक्यांना आता तो बाधेल."

महिला मंडळाला काही कळवलं गेलं नाही. सुमियो म्हणाली, शहरातून टोप आणते, रविवारपर्यंत बसवून देते. तेप्पेई म्हणाला, "नको, ताई. झाकलं तर माफी परत घेतल्यासारखं होईल."

रविवारी उराहामातून बसगाड्या भरून लोक गेले. सुमियो माचीशेजारी बसली. ही पाच डोकी तिच्या हातची होती, आणि आज ती सगळ्या जिल्ह्यासमोर उघडी पडणार होती. निवेदकाने दणक्यात सांगितलं, "उराहामाचे बंडखोर, कामोमे-गुमी!" पडदा वर गेला. लांब काळे कोट, उभ्या कॉलरी, काळे चष्मे, आणि दिव्यांत चमकणारे पाच गोटे.

मग कुठूनतरी एक हसू फुटलं आणि रांगारांगांतून पसरलं. "बेसबॉलची टीम आली वाटतं," मागे कुणीतरी म्हणालं. गुन्जीने माइक धरला, पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना. सुमियोने डोळे मिटून घेतले.

कामोमे-गुमीचं पहिलं गाणं नेहमी एकाच तऱ्हेने सुरू होई. तेप्पेई ड्रमच्या मागून उठायचा, छातीच्या खिशातून कंगवा काढायचा आणि ऐटीत कोंबड्यावरून फिरवायचा. मग काठ्या उचलायचा. वीसपंचवीस वर्षांची सवय ती. गुन्जी गप्प झाला आहे, कुणीतरी सुरुवात करायला हवी, एवढंच त्याला कळलं. तो उठला. चेहरा तोच, काचेत पाहून घडवलेला, अत्यंत भयानक. त्याने कंगवा काढला आणि कपाळापासून मागे, ठेक्यात, तुळतुळीत डोक्यावरून फिरवला.

मग तो थांबला. कंगवा डोळ्यांसमोर धरून त्याने त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरची एक रेषाही हलली नाही. कंगव्याच्या दातांतला नसलेला केस त्याने दोन बोटांनी उचलला आणि फुंकर मारून उडवला.

सभागृह हशाने दणाणून गेलं. ते मघाचं हसू नव्हतं. हे पोटातून आलेलं होतं, आणि त्यात तेप्पेईला आपलंसं करून टाकणारं काहीतरी होतं. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं, चौघांनीही कंगवे काढले आणि एका ठेक्यात आपापल्या डोक्यांवरून फिरवले. दर शनिवारी तेप्पेईबरोबर कंगवा फिरवायच्या सवयीने उराहामाचे लोक कंगवे घेऊनच आले होते, ते उठून उभे राहिले. कंगवे नसलेल्यांनी बोटं फिरवली. टक्कल पडलेला एक म्हातारा खुर्चीवर चढून दोन्ही हातांनी ते करू लागला. तेप्पेईच्या काठ्या ड्रमवर पडल्या आणि गुन्जीचा आवाज असा सुटला की, माची नंतर म्हणाली, केसांबरोबर त्याच्या गळ्यातलंही काहीतरी निघालं असावं.

ठरलेल्या वेळेत त्यांनी संपवलं, पण लोकांनी त्यांना जाऊ दिलं नाही. पुढचं मंडळ विंगेत उभं राहून टाळ्या वाजवत होतं. निवेदकाने घड्याळाकडे बोट दाखवलं तेव्हा पहिल्या रांगेतून ओगिनोकाका उठले, काळा सूट सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "उशीर झाला तर माफी मी मागतो. मला सवय आहे. वाजवा रे!"

ड्रमच्या मागे तेप्पेई पहिल्यांदाच सगळ्यांदेखत हसला, आणि सुमियोला ते हसू तिच्या जागेवरून स्वच्छ दिसलं. मध्ये चौघांचे कोंबडे नव्हते.

त्या वर्षापासून कामोमे-गुमीला बोलावणी येत राहिली. पूर्वेच्या सगळ्या बंदरांवर ते वाजवून आले, आणि पुढे दोन वेळा राजधानीतही. केस महिन्यागणिक वाढत गेले आणि वसंतात सुमियोने पाचही कोंबडे पुन्हा उभे केले, एकाच दिवशी, एकमेकांसमोर.

तेप्पेई आता बर्फाच्या कारखान्यात सकाळच्या पाळीचा प्रमुख आहे आणि माचीबरोबर मासळीबाजाराच्या वरच्या आळीत राहतो.